नातींचे दोन प्रश्न : अंगावरचे केस आणि चुकणारी पाळी



मी निवृत्त डॉक्टर. दर्शनानंतर प्रसाद घेताना गुडघे, साखर, रक्तदाब यांविषयी आपण मंडळी मला विचारताच. पण अलीकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीही जरा बाजूला घेऊन हळूच विचारतात, "आजी, रेझर फिरवला तर केस दाट येतात का?" किंवा "दोन महिने पाळी आली नाही, आईला सांगू का?" हे प्रश्न मुलींचे असले तरी आजचा पाठ मी आजी-आजोबांसाठी लिहिते आहे. घरात पहिला शब्द बहुधा आपलाच असतो, आणि तो मुलीच्या मनात फार दिवस राहतो.

असे प्रश्न मराठीत नवे नाहीत. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत चालवले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज उत्तर देणाऱ्यावर खटला होत नाही; पण विचारणाऱ्या मुलीला घरात अजूनही गप्प केले जाते.

पहिला प्रश्न : केस. वयात येताना काखेत, जांघेत केस येतात. हातापायांवरची लव थोडी गडद होते. हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. लव कमी-जास्त असणे पुष्कळदा घराण्यावर असते. केस काढणे ही आरोग्याची गरज नाही आणि पापही नाही. ती त्या मुलीची इच्छा.

वस्तऱ्याने केस दाट होतात हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रयोग करून ते दाखवले. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकेच. हळद-बेसनाने त्वचा स्वच्छ होते, केसांची मुळे जात नाहीत. रेझर प्रत्येकीचा वेगळा हवा. केस काढण्याचे मलम आधी हातावर थोडे लावून एक दिवस पाहावे. मीना बाजारात थ्रेडिंग-वॅक्सिंग करायला हरकत नाही, मात्र मेण फार गरम नको आणि पुरळ असलेल्या जागी नकोच. लेझरची घाई करू नये. त्याला अनेक बैठका लागतात, आणि आत संप्रेरकांचा बिघाड असेल तर केस पुन्हा येतात.

लक्ष कुठे द्यायचे? हनुवटी, ओठांवर, छातीवर, बेंबीखाली जाड काळे केस वाढत असतील आणि सोबत पाळी चुकत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. केस अचानक झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर थांबूच नये.

दुसरा प्रश्न : पाळी. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावे. पहिल्या वर्षी पाळी पुढे-मागे होणे स्वाभाविक आहे. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते. पुढे २१ ते ३५. पहिले वर्ष उलटल्यावर ९० दिवसांहून मोठा खंड पडला, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, किंवा रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तर तपासणी हवी. फार रक्त जात असेल तर हिमोग्लोबिन पाहावे.

केस आणि पाळी या दोन्ही तक्रारींचे एक मोठे कारण म्हणजे पीसीओएस. यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन वाढते. त्यामुळे बीजकोश पुरुषी संप्रेरके जास्त तयार करतात, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते, केस आणि मुरुमे वाढतात. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या पाहणीत (२०१४) मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण एका निकषाने २२.५ टक्के, तर अधिक कडक निकषाने १०.७ टक्के आढळले. म्हणजे आपली नात एकटी नाही.

मात्र नुसत्या सोनोग्राफीवरून या वयात निदान करू नये. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत निरोगी मुलींच्या बीजकोशातही पुष्कळ बारीक फुगे दिसतात. थायरॉइडसह रक्ताच्या तपासण्या आधी व्हाव्यात.

आपल्यासाठी महत्त्वाची खूण म्हणजे मान. मानेवर, काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसला की आपण मुलीला "नीट घासून आंघोळ कर" म्हणतो. तो मळ नव्हे. बहुधा ती वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. आपल्यापैकी अनेकांना मधुमेह आहे, म्हणून नातीची साखर तपासून घ्यावी.

उपचारात पहिली जागा चालण्याची, झोपेची आणि वेळेवर जेवणाची. संध्याकाळी खाडीकाठी, उन्हाळ्यात मॉलमध्ये नातीबरोबर आपणही चालावे. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी पाळीला फरक पडतो. पण उपाशी राहिल्यानेही पाळी बंद पडते. बारीक मुलींनाही हा त्रास असतो. डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या तर गैरसमज करू नये. त्या इथे संप्रेरकांचा तोल राखायला दिलेल्या असतात. "हिला मूल कसे होणार" हे तर बोलूच नये. उपचाराने या आजाराच्या बहुतेक स्त्रिया आई होतात.

आणखी एक कळकळीची विनंती. सत्यनारायण किंवा गणपतीसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या नातीला परस्पर देऊ नका. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका काही मुलींना वाढतो, आणि वारंवार दिल्यास पाळीचा खरा क्रम कळेनासा होतो. देव एका दिवसासाठी कोणावर रुसत नाही.

आवाहन. आपल्या वस्तीत काही कुटुंबांना मुलीची रक्ततपासणी खर्चामुळे लांबवावी लागते. न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य निधीत यथाशक्ती भर घालावी, आणि निवृत्त वा कार्यरत महिला डॉक्टरांनी महिन्यातला एक तास मुलींशी बोलण्यासाठी द्यावा. मदत घेणाऱ्या कुटुंबाचे नाव कोठेही छापले जाणार नाही.

तोवर प्रत्येक आजीने एवढे करावे : नातीच्या हाती एक छोटे कॅलेंडर द्यावे, पाळीच्या तारखा लिहायला सांगाव्यात, आणि तिच्या चेहऱ्यावरच्या केसांबद्दल चारचौघांत बोलू नये.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, हीच प्रार्थना.