यंत्रास प्रश्न विचारताना

मागील श्रावणात ताडकळसचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांचे सोयाबीन पिवळे पडत होते. मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकास त्याने लिहिले होते, “सोयाबीन पिवळे पडले, औषध सांग.” यंत्राने तत्काळ पाच औषधे सांगितली. आजोबा दुकानाकडे निघालेच होते!

मी म्हणालो, “अरे, शेजाऱ्याने तुमचे शेत पाहिलेले असते. यंत्राने ते पाहिलेले नाही. तू लिहिशील तेवढेच त्यास कळणार.”

मुलांनो, पीक पिवळे पडण्याची कारणे निरनिराळी असतात. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असल्यास बहुधा पिकास लोह मिळत नसते. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे असल्यास पांढऱ्या माशीने पसरविलेल्या मोझॅक रोगाची शंका घ्यावी. पाणी साचल्यास मुळे गुदमरतात. एकावरील औषध दुसऱ्यास लागू पडत नाही, पैसा मात्र जातो.

आम्ही बांधावर गेलो. तेथे त्याने पुन्हा लिहिले : “परभणी जिल्हा. काळी, चुनखडीची जमीन. पेरणीस ३५ दिवस झाले. पाणी साचलेले नाही. शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या. जुनी पाने चांगली. माशी दिसत नाही. आधी कारण व ते ओळखण्याची खूण सांग, औषध नंतर. माहिती अपुरी असल्यास मला विचार.” हे शेवटचे वाक्य मला सर्वांत आवडले.

या खेपेस यंत्राने उलट दोन प्रश्न विचारले आणि मग लोहाची कमतरता सुचविली. तरीही यंत्र ठामपणे चुकू शकते. म्हणून फवारणीचे प्रमाण कृषितज्ज्ञांस विचारूनच आजोबांनी हिराकस आणले.