पावातला बोंबील कुरकुरीत कसा राहील?

प्रश्न : घरी तळलेले बोंबील पावात घातले की लगेच मऊ पडतात. उपाय काय?

उत्तर : ताज्या बोंबलात इतर मासळीपेक्षा पाणी फार असते. तळताना त्याची वाफ होते आणि ती आवरण आतून भिजवते. म्हणून खरे काम तळण्याआधीचे आहे. डोके, पर आणि शेपूट काढून बोंबील पोटाकडून उभा चिरावा, पुस्तकासारखा उघडावा आणि मधला काटा काढावा. मीठ लावून स्वच्छ फडक्यात गुंडाळावा, दोन पाटांमध्ये ठेवून वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेले पातेले ठेवावे. अर्ध्या तासात फडके ओलेचिंब होते. ही पायरी गाळली तर पुढची मेहनत वाया जाते.

मग हळद, तिखट, आले-लसणाचे घट्ट वाटण आणि बेताचे कोकमाचे आगळ लावावे. रवा आणि तांदळाचे पीठ एकत्र करून त्यात घोळवलेला बोंबील ताटात पडून राहू देऊ नये, लगेच तळावा. तेल 175 ते 180 अंश सेल्सिअस हवे. टाकलेला रवा तडतडून झटकन वर आला की ते तयार समजावे. एका वेळी दोन-तीनच तुकडे सोडावेत, नाहीतर तेल थंडावते. निथळायला जाळी उत्तम. कागदावर खालची बाजू वाफेने नरमते.

लादीपाव आतून लोण्यावर खरपूस भाजावा, म्हणजे चटणी लगेच मुरत नाही. चटणी घट्टच वाटावी. कांदा आयत्या वेळी घालावा, लिंबू खाताना पिळावे. टोमॅटो टाळलेलाच बरा. बोंबलाऐवजी कोळंबी घेतली तर तिला वजनाखाली ठेवण्याची गरज नसते, फडक्याने टिपली तरी पुरते.