लेसर साडेतीन कोटींचा, बिल पावणेसात कोटींचं

कोटेशनवर लेसरची किंमत साडेतीन कोटी असते. संचालक फाइल चाळतात आणि म्हणतात, ‘म्हणजे चार कोटींत आटोपलं.’ आटोपत नाही. प्रवेगकाच्या इलेक्ट्रॉन गनसाठी अतिनील लेसर घेणं हे घर घेण्यासारखं आहे. फ्लॅटचा भाव वेगळा आणि चावी हातात पडेपर्यंतचा खर्च वेगळा. पुढचे रुपयांतले आकडे अनुभवाचे आणि अंदाजाचे आहेत, त्यांना कोटेशन समजू नका.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तांब्याच्या तबकडीवर अतिनील प्रकाशाचा काही पिकोसेकंदांचा झोत मारायचा, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पोकळीतलं रेडिओलहरींचं क्षेत्र त्यांना लगेच पुढे ओढतं. ही फोटोकॅथोड गन १९८०च्या दशकात अमेरिकेत लॉस अलामोसला आकाराला आली. कॅलिफोर्नियातल्या स्लॅकचा एलसीएलएस हा क्ष-किरण लेसर २००९ मध्ये अशाच गनवर सुरू झाला. आपल्याकडे दिल्लीच्या आयुकमध्ये, म्हणजे इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सलरेटर सेंटरमध्ये, फोटोकॅथोड गनवरचा प्रकल्प आहे.

आधी कॅथोड ठरवा

बहुतेक जण लेसरच्या कॅटलॉगपासून सुरुवात करतात. तिथेच चुकतं. तांब्यातून इलेक्ट्रॉन सुटायला साधारण साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ८०० नॅनोमीटरच्या अवरक्त फोटॉनकडे जेमतेम दीड असतात, २६६ नॅनोमीटरच्या अतिनील फोटॉनकडे ४.६६. म्हणून अतिनील. पण तेवढी ऊर्जा असूनही तांबं कंजूषच: लाख फोटॉन पडावेत तेव्हा एक इलेक्ट्रॉन सुटतो, पृष्ठभाग स्वच्छ असला तर पाच-दहा.

आता हिशोब उलटा करा, कॅथोडकडून लेसरकडे. समजा, दर झोताला २५० पिकोकूलंब भार हवा आहे. एलसीएलएस तांब्यावर एवढ्याच भारावर चाले. लाखाला एक या वाईटात वाईट दराने तांब्यावर सुमारे १२० मायक्रोज्यूल पडायला हवेत. वाटेतले आरसे आणि खिडक्या तीस टक्के खातात, म्हणजे निघताना १७० हवेत. झोताला गोल, सपाट आकार देण्यासाठी कडा कापाव्या लागतात, त्यात निम्मी जाते, झाले ३४०. अवरक्ताचं अतिनील करताना स्फटिकांतून दहा टक्के हाती लागली तरी नशीब. म्हणजे लेसरच्या तोंडाशी ३.४ मिलिज्यूल. स्फटिक जुने होतील, आरसे मळतील, म्हणून दुप्पट धरा. सात मिलिज्यूलचा लेसर मागा. विक्रेता कोटेशनवर अवरक्ताची ऊर्जा ठळक अक्षरांत छापतो. तुम्हाला पाहिजे ती तांब्यावरची.

सिझियम टेल्युराइडचा लेप घेतला तर चित्रच पालटतं. त्याची कार्यक्षमता टक्क्यांत असते, त्यामुळे लेसर हजारपट लहान चालतो. युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेसरला सेकंदाला २७,००० झोत हवे असतात, तिथे तांब्याचं काम नाही. पण हा लेप हवेचा स्पर्श सहन करत नाही. तो बनवायचं वेगळं पात्र, अतिनिर्वातात तो गनपर्यंत नेणारी यंत्रणा आणि तो खराब झाला की पुन्हा तेच. लेसरमध्ये वाचलेले पैसे निर्वाताच्या पंपांत जातात. पहिलंच यंत्र उभारत असाल आणि सेकंदाला दहा-वीस झोत पुरत असतील, तर माझं मत सरळ तांब्याला.

ऐंशी मेगाहर्ट्झचा सापळा

लेसरचा ठोका गनच्या रेडिओलहरींशी जुळलाच पाहिजे. स्लॅकला गन २८५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि लेसरचा ऑसिलेटर ११९ वर: बरोबर चोविसावा भाग. बाजारात सहज मिळणारा ऑसिलेटर ८० मेगाहर्ट्झच्या आसपासचा असतो. २८५६ ला ८० ने भागा, ३५.७ येतात. पूर्णांक नाही, म्हणजे जुळणी नाही. मशीन आल्यावर हे कळलं तर ऑसिलेटरची पोकळी बदलायला कारखान्यात परत पाठवा, सहा महिने बसा. गनची वारंवारिता दशांशापर्यंत ऑर्डरमध्ये लिहा. २८५६ मेगाहर्ट्झवर कलेचा एक अंश म्हणजे एक पिकोसेकंदही नाही, हे ध्यानात ठेवा. जुळणीची इलेक्ट्रॉनिक्स ४५ लाखांच्या आसपास जाते ती याचमुळे. तिथे काटकसर नको.

बाकीचा खर्च असा: स्फटिक आणि झोताला आकार देणारी प्रकाशिकी ३० लाख, लेसरच्या खोलीपासून गनपर्यंतचा निर्वात मार्ग ४० लाख, कॅमेरे, ऊर्जामापक आणि झोताची लांबी मोजायची साधनं ३५ लाख. कुलूपबंद दारं, चष्मे वगैरे सुरक्षेला १० लाख. चष्मे प्रत्येक तरंगलांबीचे वेगळे असतात, एका जोडीवर भागवू नका.

खोलीला आणि टेबलाला मिळून ७५ लाख धरा. यावर मला जरा बोलायचंय, कारण पैसे इथेच वाचवले जातात. तापमान अर्ध्या अंशात राहिलं पाहिजे आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली, तीही जुलैच्या पावसात. आम्ही एका वर्षी एसी रात्री बंद ठेवायचा ‘व्यवहारी’ निर्णय घेतला. चौथ्या सकाळी अतिनील बनवणाऱ्या बीबीओ स्फटिकाचा आरपार चकचकीत पृष्ठभाग थंड ग्लासावर वाफ धरावी तसा दिसत होता, फक्त पुसून जात नव्हता. दुसऱ्या वेळी दाराच्या फटीला कुणीतरी सिलिकॉन सीलंट मारलं. त्याच्या वाफा अतिनील झोतात आरशांवर भाजून बसल्या आणि झोत पडतो नेमक्या त्या जागी चहाच्या थेंबाएवढा तपकिरी डाग उमटला. सहा आरसे बदलले.

लेसर धरून बेरीज आली पाच कोटी पंच्याऐंशी लाख. यातला पाचेक कोटींचा माल आयातीचा. संशोधन संस्थांना मिळणारी पाच टक्क्यांची जीएसटी सवलत जुलै २०२२ मध्ये गेली, तेव्हा १८ टक्के धरा, म्हणजे आणखी ९० लाख. सीमाशुल्काची सवलत हवी असेल तर केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची (डीएसआयआर) नोंदणी चालू आहे का, ते आधी बघा. झाले पावणेसात कोटी. देखभालीचा करार वर्षाला किमतीच्या आठ-दहा टक्के, तो वेगळा. मुख्य लेसरला ऊर्जा पुरवणारा पंप लेसर फ्लॅशलॅम्पवर चालणारा स्वस्त दिसला तर हा भागाकार करा: लॅम्पचं आयुष्य तीन कोटी झोत आणि सेकंदाला दहा झोत, तर अखंड चालवल्यास पस्तिसाव्या दिवशी नवा लॅम्प.

पैसे कधी मोकळे करायचे

किमतीचे निदान वीस टक्के स्वीकृती चाचणीपर्यंत हातात ठेवा. चाचणी कारखान्यात नको, तुमच्या खोलीत. आणि मोजमाप लेसरच्या तोंडाशी नको, कॅथोडइतक्याच अंतरावर ठेवलेल्या कॅमेऱ्याशी आणि ऊर्जामापकाशी. सलग चोवीस तास. अवरक्तातला एक टक्क्याचा चढउतार अतिनीलात तीन टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून स्थैर्याचा आकडा अतिनीलाचाच मागा.

कंपनीचा इंजिनीयर दोन आठवड्यांत जातो. पुढचे चार-सहा महिने तुमचे. प्रवेगकाला अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) परवानगी लागते. त्यासाठी मुंबईत अणुशक्तिनगरला अर्ज लेसरच्या ऑर्डरबरोबरच जाऊ द्या. आणि पहिला इलेक्ट्रॉन दिसला म्हणून पेढे मागवण्याआधी लेसरपुढे एक पुठ्ठा धरा. सिग्नल तसाच राहिला तर तो लेसरचा नाही. तांब्यातून नुसत्या क्षेत्राने निसटणारा काळा प्रवाह आहे.

ऑप्टिकल टेबल दीड मीटर रुंद असतं. लेसरच्या खोलीच्या दाराची रुंदी ऑर्डर देण्याआधी मोजा. आम्ही नंतर मोजली.