पुढच्या चाकाची पकड : पावसाळ्यापूर्वीची दक्षता

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की गोव्यातील रस्त्यांचे रूप पालटते. उन्हाळाभर साचलेली तांबडी माती, वाहनांतून ठिबकलेले तेल आणि मासळीच्या गाड्यांतून गळणारे पाणी ह्यांचा बुळबुळीत थर डांबरावर पसरतो. जोरदार पावसाने तो धुऊन निघेपर्यंतचा काळ दुचाकीस्वाराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. पुढे चार महिने ओलावा आणि खड्डे पाठ सोडीत नाहीत. फेरीबोटीच्या धक्क्यावरील उतार शेवाळतात. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून प्रवाशांची ने-आण करणारे पायलट, गावोगावच्या शाळांवर जाणारे शिक्षक, पंचायतींचे सचिव ह्या सर्वांचे दैनंदिन काम दुचाकीवर अवलंबून आहे. यास्तव तिच्या पुढच्या चाकाची पकड कशाने टिकते व कशाने सुटते, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

‘पुढचा ब्रेक दाबला की गाडी घसरते’ असा समज सर्वत्र आढळतो. त्यामुळे कित्येक चालक केवळ मागच्या ब्रेकवर विसंबतात. वस्तुतः वाहन थांबविण्याचे अधिक काम पुढचे चाकच करते. ते घसरण्यामागे बहुधा दोन कारणे असतात : ब्रेक एकाएकी आवळणे आणि चाकाच्या निगेकडे झालेले दुर्लक्ष.

भाराचे गणित

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्यावर जेवढा भार, तेवढी पकड, असा स्थूल नियम आहे. शिक्षकांना वर्गात मांडता येईल असे एक उदाहरण घेऊ. वाहन व चालक मिळून वजन १८० किलो. पैकी ८० किलो पुढच्या आणि १०० किलो मागच्या चाकावर. दोन चाकांतील अंतर १.२५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर मानू. गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या प्रमाणात वेग कमी केला, तर १८० × ०.५ × ०.६ ÷ १.२५ म्हणजे सुमारे ४३ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर १२३ किलो होतात, मागच्यावर अवघे ५७ उरतात. अशा वेळी मागचाच ब्रेक जोराने दाबला, तर हलके झालेले मागचे चाक जागच्या जागी अडकते आणि घसरते.

मात्र हा भार पुढे सरकण्यास किंचित अवधी लागतो. त्याआधीच ब्रेक आवळला, तर चाक पकड मिळण्यापूर्वीच थांबते व निसटते. म्हणून पुढचा ब्रेक हळूहळू दाबत न्यावा आणि त्यास मागच्या ब्रेकची जोड द्यावी.

टायर व हवा

पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, ही समजूत चुकीची आहे. हवा कमी असता टायरच्या नक्षीतील खाचा मिटतात, त्यांतून पाणी बाहेर फेकले जात नाही आणि हँडल जड होते. याउलट पेट्रोल वाचावे म्हणून हवा अधिक भरल्यास टायरचा टेकणारा भाग घटतो आणि खड्ड्यांवर चाक उडते. योग्य दाब उत्पादकाच्या पुस्तिकेत, तसेच पुष्कळदा वाहनावरील पट्टीवर दिलेला असतो. अनेक लहान मोटारसायकलींना पुढे सुमारे २५ पौंड आणि मागे सुमारे २८ पौंड हवा लागते. मागे प्रवासी असल्यास मागचा दाब वाढवावयाचा असतो. पायलटांनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. दाब आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना मोजावा. धावून तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला दिसतो.

टायरच्या खाचांत ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. झिजलेली नक्षी ह्या उंचवट्यांच्या पातळीस आली की टायर बदलावा. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूणही वाचावी : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. जुन्या टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी रबर कडक होते आणि बारीक भेगा पडतात. टायर बसविताना बाजूवरील बाण फिरण्याच्या दिशेने आहे, ह्याची खात्री करावी. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले सुमारे शंभर किलोमीटर वळणांवर सांभाळून जावे. धुलाईनंतर टायर काळाभोर दिसावा म्हणून त्यावर तेल वा पॉलिश लावण्याची प्रथा तर तत्काळ बंद व्हावी.

पुढचा फोर्क

चाक रस्त्याला धरून ठेवण्याचे काम फोर्क करतो. त्यातील स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल तिच्या उसळीस आवर घालते. तेल जुने झाले किंवा गळून कमी झाले, की ब्रेक दाबताच गाडीचे नाक एकदम खाली जाते, खड्ड्यानंतर पुढचा भाग वरखाली डोलत राहतो आणि चाक क्षणभर रस्ता सोडते. त्या क्षणी पकड शून्य असते.

तपासणीची एक सोपी रीत आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर खालच्या सीलला टेकवून दोरा घट्ट बांधावा आणि नेहमीच्या रस्त्याने फेरी मारावी. दोरा जेथवर सरकला, तेथवर फोर्क दबला. साध्या रस्त्यावरही तो दर वेळी टोकाला जात असेल, तर तेल किंवा स्प्रिंग बदलण्याची वेळ आली आहे. नळीवर तेलाचा ओघळ दिसल्यास सील बदलावे. ते तेल ब्रेकवर उतरू शकते. नवे तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे, दोन्ही नळ्यांत मोजून सारखेच भरावे. चाक काढून पुन्हा बसविल्यावर आस पूर्ण आवळण्यापूर्वी फोर्क चार-सहा वेळा दाबून घ्यावा; तसे न केल्यास नळ्या पिळून अडखळतात.

मागची स्प्रिंग, पुढची पकड

मागे बसलेल्या प्रवाशाचे जवळजवळ सर्व वजन मागच्या चाकावर येते. मागचा भाग खाली बसतो, त्या मानाने पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस जाऊ लागते. चोर्ला किंवा अनमोड घाटात हा दोष जिवावर बेतू शकतो. बहुतेक लहान मोटारसायकलींच्या मागील दोन्ही शॉक अब्सॉर्बरांच्या तळाशी पायऱ्यांची कडी असते. नित्य प्रवासी नेणाऱ्याने ती हुकाच्या पान्याने दोन-तीन पायऱ्या वर फिरवावी. दोन्ही बाजूंस पायरी एकच असावी. एकट्याने जाताना कडी पूर्ववत करावी, अन्यथा मागचे चाक खड्ड्यांवर उसळते आणि हँडल चंचल होते.

कोणताही बदल एका वेळी एकच करावा, तो वहीत टिपावा आणि ओळखीच्या रस्त्यावर सावकाश चालवून पाहावा. हवा, टायर, फोर्क, मागची स्प्रिंग असा क्रम ठेवल्यास दोष कोठे आहे ते कळते. पुढचे चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवून पाहण्यासही विसरू नये. ते मध्येच अडकत असेल किंवा फोर्क पुढे-मागे हलत असेल, तर हँडलचे बेअरिंग मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकव्यवस्था अनिवार्य झाली, हे स्वागतार्ह होय. परंतु ती व्यवस्था असलेली पकड राखते, नसलेली निर्माण करीत नाही. गुळगुळीत टायर आणि तेल गळणारा फोर्क ह्यांवर तिचाही इलाज चालत नाही. हवेची तपासणी काही मिनिटांची आणि फोर्कचे तेल अल्प खर्चाचे काम आहे. ते मे महिन्यातच उरकल्यास प्रत्येक चालकाला, आणि त्याच्या भरवशावर मागे बसणाऱ्या प्रवाशाला, पावसाळा सुखरूप पार पाडता येईल.