ऑडिओ सीडीवर संगणक अडतो तेव्हा : कारणशोधाचा एक पाठ



आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात ऑडिओ सीडींचे एक कपाट आहे. त्यात स्नेहसंमेलनांतील गीते आहेत, निवृत्त शिक्षकांची निरोपाची भाषणे आहेत, पंचक्रोशीतील जलसाकारांनी गायलेली आणि कोठेही न छापली गेलेली गाणी आहेत, आणि ज्येष्ठ पालकांनी सांगितलेल्या आपापल्या गावच्या आठवणी आहेत. यांतील बरेचसे ध्वनिमुद्रण आधी कॅसेटवर झाले व नंतर सीडीवर उतरविण्यात आले. त्या कॅसेट आता वाजत नाहीत आणि बोलणाऱ्यांपैकी अनेकजण हयात नाहीत. ज्यांच्याविषयी कागदोपत्री फारसे काही लिहिले गेले नाही, त्यांच्या इतिहासाचे हे पहिल्या प्रतीचे साधन होय.

परंतु संगणक प्रयोगशाळेत यांतील एखादी सीडी लावली की पुष्कळदा ड्राइव्ह घरघरू लागतो, दिवा लुकलुकत राहतो, पडद्यावरचा बाण जागीच खिळतो आणि संगणक हँग होतो. त्याच ड्राइव्हमध्ये अभ्यासक्रमाची सीडी मात्र विनातक्रार चालते. मग कोणी म्हणतो सीडी खराब आहे, कोणी म्हणतो ड्राइव्ह गेला. दोन्ही निष्कर्ष पुराव्याआधीचे आहेत. हा पुरावा कसा गोळा करावा, हे प्रस्तुत पाठात आम्ही क्रमाने मांडीत आहोत.

१. ऑडिओ सीडी आणि डेटा सीडी यांतील भेद

सीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी तिचे ध्वनीसाठीचे मानक १९८० साली ठरविले व १९८२ साली ती बाजारात आली. म्हणजे ती मूळची संगीतासाठी जन्मलेली वस्तू आहे. संगणकाची माहिती तिच्यावर ठेवण्याची सोय नंतर झाली.

ऑडिओ सीडीवर प्रत्येक सेकंदाचा आवाज ७५ खंडांत विभागलेला असतो आणि प्रत्येक खंडात २,३५२ बाइट असतात. डेटा सीडीचा खंडही तेवढाच असतो; परंतु त्यात उपयोगाची माहिती २,०४८ बाइट एवढीच भरतात. उरलेल्या जागेत त्या खंडाचा पत्ता आणि चुका दुरुस्त करण्याची जादा व्यवस्था असते. ऑडिओ खंडात हा जादा पहारा नाही. गाण्यात एखादा सूक्ष्म तुकडा हरवला तर घरातील सीडी प्लेअर शेजारच्या तुकड्यांवरून अंदाजाने तो भरून काढतो आणि आपल्या कानाला ते कळतही नाही. पाठ्यपुस्तकाच्या फाइलमध्ये असा अंदाज चालत नाही, म्हणून तेथे बंदोबस्त अधिक.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. डेटा सीडी चालते एवढ्यावरून ड्राइव्ह निर्दोष ठरत नाही. मळलेल्या भिंगाचा ड्राइव्ह डेटा सीडी जेमतेम वाचू शकेल आणि ऑडिओ सीडीवर अडखळेल.

२. सगळा संगणकच का थांबतो?

न वाचता आलेला भाग ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचून पाहतो, वेग कमी करतो, परत प्रयत्न करतो. तोवर गाणे वाजविणारा प्रोग्राम उत्तराची वाट पाहत बसतो. आपल्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांत ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क रुंद, चपट्या पट्टीसारख्या एकाच केबलवर जोडलेले आढळतात. अशा जोडणीत एकाचे काम अडले की दुसऱ्याला थांबावे लागते. हार्ड डिस्क थांबली की सगळेच थांबते. विहिरीला एकच रहाट असावा आणि पुढच्याची घागर अडकावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून हँग झालेला संगणक लगेच बटण दाबून बंद करू नये. आधी सीडी बाहेर काढण्याचे बटण एकदाच दाबून चार-पाच मिनिटे थांबावे. अनेकदा ड्राइव्ह आपले प्रयत्न संपवतो आणि संगणक पूर्ववत होतो.

३. दोष कोणाचा? साक्षी पडताळण्याची रीत

इतिहासात एकाच साक्षीवर आपण निर्णय देत नाही. येथेही दोन सीडी आणि दोन ड्राइव्ह घ्यावेत. अडणारी सीडी आणि चांगली वाजणारी दुसरी ऑडिओ सीडी अशा दोन्ही, दोन्ही ड्राइव्हमध्ये लावून पाहाव्यात. चारही निकाल वहीत लिहावेत.

एकच सीडी दोन्हीकडे अडली आणि तीही त्याच गाण्याच्या त्याच मिनिटाला, तर दोष सीडीत आहे. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही सीडी अडल्या तर दोष त्या ड्राइव्हचा, त्याच्या केबलचा किंवा त्या संगणकातील मांडणीचा. ती विशिष्ट सीडी त्या विशिष्ट ड्राइव्हमध्येच अडत असेल तर दोघेही थोडे थोडे कमकुवत आहेत; अशा वेळी दुसऱ्या ड्राइव्हवर काम उरकून घेणे शहाणपणाचे.

एक नियम कटाक्षाने पाळावा : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, प्रोग्राम आणि सीडी तिन्ही एकदम बदलले आणि गाणे वाजले, तर कशामुळे वाजले ते कधीच समजणार नाही.

४. उपाय, सोप्याकडून कठीणाकडे

सीडीची स्वच्छता. मऊ, स्वच्छ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसू नये. सीडीवरील माहिती मध्यापासून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेषेत असते. त्या रेषेला आडवा छेदणारा बारीक ओरखडा प्रत्येक फेरीत क्षणभरच आडवा येतो. साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग तुटलेला भाग सीडीची स्वतःची दुरुस्तिव्यवस्था पूर्णपणे भरून काढू शकते. रेषेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा. छापील बाजूही जपावी. माहितीचा थर त्या बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो, त्यामुळे तेथील ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा अधिक घातक ठरतो. चिकटवलेली कागदी नावपट्टी एका बाजूला असेल तर सीडी वेगात फिरताना डगमगते. पण ती ओरबाडून काढू नये, तिच्याबरोबर माहितीचा थरही निघून येतो. अशी सीडी कमी वेगावर वाचावी.

आपोआप सुरू होणारे प्रोग्राम. सीडी घालताच संगणक एखादा प्लेअर उघडतो आणि तो गाण्यांची नावे इंटरनेटवर शोधू लागतो. जोडणी मंद असेल तर तेथेच तो अडून बसल्यासारखा दिसतो. इंटरनेट तोडून आणि 'ऑटोप्ले' बंद करून पुन्हा पाहावे. सीडी लिहिण्याचे दोन-तीन प्रोग्राम एकाच संगणकात भरले असतील, तर नको असलेले काढून टाकावेत; ते ड्राइव्हच्या वाटेत आपापले नाकेदार बसवून ठेवतात.

माहिती वाहून नेण्याची पद्धत. विंडोज एक्सपी असलेल्या संगणकात ड्राइव्हकडून वारंवार चुका आल्या की प्रणाली 'डीएमए' ही जलद पद्धत सोडून 'पीआयओ' या संथ पद्धतीवर उतरते आणि पुढे तशीच राहते. मग प्रोसेसर स्वतःच एकेक घास वाहत बसतो आणि आवाज तुटू लागतो. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ड्राइव्ह ज्या आयडीई चॅनेलवर आहे त्याच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये हे पाहता येते. पीआयओ दिसल्यास ते चॅनेल तेथून 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू करावा. प्रणाली त्याची नव्याने नोंद घेते.

केबल आणि वीज. संगणक बंद करून, प्लग काढून, मगच पेटी उघडावी आणि हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. सैल केबल नीट बसवावी, जुनी बदलावी. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर तो थेट संगणकाच्या मागील बाजूस जोडावा. लांब वायर किंवा हब मध्ये आला की त्याला पुरेशी वीज मिळत नाही आणि तो फिरता फिरता थांबतो.

सीडीचाच स्वभाव. घरी लिहिलेली सीडी शेवटी 'फायनलाइज' केली नसेल तर दुसरे ड्राइव्ह तिची अनुक्रमणिका शोधतच राहतात. ज्या संगणकावर ती लिहिली तेथे, किंवा त्याच जातीच्या ड्राइव्हवर, ती पुरी करता येते. २००० नंतरच्या काही वर्षांत तर काही परदेशी कंपन्यांनी नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम मानक मोडून ऑडिओ सीडी काढल्या. त्या प्लेअरवर वाजत आणि संगणकावर अडत. अशा तबकड्यांवर सीडीचे अधिकृत चिन्ह असू नये, अशी भूमिका खुद्द फिलिप्सने घेतली होती. तशी सीडी अडली तर दोष ना ड्राइव्हचा, ना वापरणाऱ्याचा.

५. वाजली, म्हणजे काम संपले नाही

अडलेली सीडी एकदा वाजू लागली की त्याच दिवशी तिची प्रत करावी. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी ते फिके पडते. आज अडखळणारी सीडी पुढील पावसाळ्यानंतर उघडेलच असे नाही.

येथे एक फसगत सांगून ठेवतो. विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की 'सीडीए' या नावाच्या फाइली दिसतात आणि त्या पेन ड्राइव्हवर क्षणात उतरतातही. त्यांत आवाज नसतो. प्रत्येक फाइल केवळ ४४ बाइटची असून तिच्यात गाणे कोठे सुरू होते एवढाच निर्देश असतो. सीडी गेली की त्या फाइली म्हणजे पाडलेल्या घराचा पत्ता. खरी प्रत 'रिप' करूनच होते. विंडोजसाठी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' आणि लिनक्ससाठी 'सीडीपॅरानोया' हे प्रोग्राम याच कामाचे आहेत. ते संशयित भाग पुनःपुन्हा वाचून निकाल ताडून पाहतात. जखमी सीडीला यात कित्येक तास लागू शकतात. संगणक हँग झाला असे समजून मध्येच तोडू नये. वेग कमी ठेवावा. पहिली प्रत 'वेव्ह' स्वरूपात ठेवावी. तासाभराच्या मुद्रणाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. ऐकण्यासाठी लहान एमपी३ नंतर त्यातून करता येते. प्रती किमान दोन वेगळ्या जागी असाव्यात.

प्रत्येक सीडीची नोंदही करावी : क्रमांक, मुद्रणाचे साल व ठिकाण, कोण बोलते किंवा गाते, कोणत्या मिनिटाला अडते, कोणत्या ड्राइव्हवर वाचली गेली, प्रत कोठे ठेवली. बोलणाऱ्याचे नाव ठाऊक नसलेला आवाज अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही, आणि ते आवाज ओळखणारी माणसे आज आपल्या घरांत, वस्त्यांत आहेत. सुट्टीत घरी जाताना प्रती सोबत न्याव्यात, त्यांना ऐकवाव्यात आणि नावे लिहून आणावीत. सीडी दुरुस्त करणारा कारागीर पुढेही मिळेल. ती नावे सांगणारे मात्र तेव्हा असतीलच असे नाही.