घरचा संग्राहक, दूरचा श्रोता

लघुलहरींवरील केंद्रे ऐकण्याची आवड असलेल्यांना शहरात आता खरखरच अधिक ऐकू येते. चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर अशा घरोघरच्या उपकरणांतून निघणारा विद्युत गोंगाट दूरवरून येणाऱ्या क्षीण लहरींना गिळून टाकतो. वस्तीपासून दूर असलेल्या शाळेच्या छपरावर हा गोंगाट पुष्कळ कमी असतो. तेव्हा संग्राहक खेड्यात ठेवावा आणि श्रोत्याने तो शहरातून इंटरनेटवरून ऐकावा, ही कल्पना सहज सुचणारी आहे. ती नवीनही नाही. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील असा संग्राहक २००८ साली सर्वांसाठी खुला झाला. पुढे २०१६ साली न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या 'किवी एसडीआर' या छोट्या संचाने हीच सोय घरगुती पातळीवर आणली. शून्य ते ३० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी तो ग्रहण करतो, आणि एका वेळी चार श्रोते त्यावर आपापले केंद्र लावू शकतात. हा संच केवळ ऐकतो. त्यातून प्रक्षेपण होत नाही.

संच घरात सुरू होतो, घरच्या संगणकावर उत्तम ऐकू येतो. परंतु परगावचा श्रोता प्रयत्न करतो तेव्हा काहीच उघडत नाही. पुष्कळांचा उत्साह येथेच मावळतो. दोष संचाचा नसतो, पत्त्याचा असतो.

एखाद्या मोठ्या कार्यालयाचे उदाहरण घेऊ. बाहेरच्या जगाला कार्यालयाचा एकच दूरध्वनी क्रमांक ठाऊक असतो. आतील प्रत्येक टेबलास वेगळा एक्स्टेन्शन क्रमांक असतो. घरातील राउटर हा त्या कार्यालयाचा ऑपरेटर होय. आतून कोणी बाहेर फोन लावला तर तो जोडून देतो. परंतु बाहेरून आलेला फोन कोणत्या टेबलास द्यावा हे त्याला सांगून ठेवले नसेल, तर तो फोन तेथेच संपतो. संग्राहकाचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता हा असाच आतला क्रमांक आहे. परगावी त्याचा उपयोग नाही.

म्हणून प्रथम राउटरमध्ये संग्राहकाचा आतला पत्ता कायम करून घ्यावा. नंतर 'पोर्ट फॉरवर्डिंग' या सदरात बाहेरून ८०७३ या पोर्टवर येणारी मागणी त्या पत्त्याकडे पाठवावी, अशी नोंद करावी. किवी संच ८०७३ हेच पोर्ट वापरतो. चाचणी मात्र घरच्या वायफायवरून घेऊ नये. कित्येक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीत, आणि व्यवस्था बरोबर असूनही चुकली असे वाटते. मोबाईलचा डेटा वापरून पाहावे.

एवढे करूनही दार उघडत नाही, असा अनुभव आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी येतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत, आणि २०११ सालीच त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे आपल्या ऑपरेटरच्या वर आणखी एक ऑपरेटर बसलेला असतो, आणि त्याच्या नोंदवहीस आपला हात पोचत नाही. हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि इंटरनेटवर आपला म्हणून दिसणारा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, किंवा पहिला १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर कितीही पोर्ट उघडले तरी व्यर्थ. संच विकत घेण्यापूर्वीच ही तपासणी केली तर पैसा आणि श्रम दोन्ही वाचतात.

अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र स्थिर पत्ता मागता येतो. त्यास बहुधा जादा आकार पडतो. दुसरा उपाय मध्यस्थ सर्व्हरचा. संग्राहक स्वतःच आतून बाहेर त्या सर्व्हरशी जोडणी करतो, आणि श्रोते त्या सर्व्हरच्या पत्त्यावर येतात. किवीच्या निर्मात्यांनी अशी सोय ठेवली आहे. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणास स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. परंतु श्रोत्याकडेही तीच पद्धत हवी, आणि राउटरने वाट मोकळी करावयास हवी. सार्वजनिक पत्ता आहे पण वीज गेल्यावर राउटर पुन्हा सुरू होऊन तो बदलतो, अशी स्थिती असेल, तर पत्त्याऐवजी नाव देणारी 'डायनॅमिक डीएनएस' सेवा घ्यावी.

दार उघडले की केवळ श्रोतेच येतात असे नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे व राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. त्यामुळे व्यवस्थापनाचा पासवर्ड प्रथम बदलावा, पोर्ट एकच उघडावे, आणि राउटरचे स्वतःचे पान बाहेरून कधीही उघडे ठेवू नये. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या ज्या जोडणीवर कार्यालयीन संगणक आहेत, तीवर संग्राहक न लावता त्यासाठी वेगळी जोडणी घेणे अधिक बरे. ऐकणारा एकटा मालकच असेल तर सार्वजनिक दाराची गरजच नाही. मध्यस्थामार्फत चालणाऱ्या व्हीपीएनवर त्याचे काम भागते.