आकाशाची शीव आणि लहान विमाने

परभणी जिल्ह्यात प्रवासी वाहतुकीचा विमानतळ नाही. तथापि, जिल्ह्यावरील आकाश मोकळे व मालकाविना पडलेले आहे, असे समजण्याचे कारण नाही. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथील विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती परभणी जिल्ह्यावरूनच जाते. शिवाय शेतीसाठी ड्रोनचा वापर सुरू झाल्यापासून खेड्यातील माणूसही या आकाशाचा वापरकर्ता झाला आहे. जमिनीला जशी शीव असते तशी ती आकाशालाही असते, आणि तिचे ज्ञान हा आता केवळ वैमानिकांचा विषय राहिलेला नाही.

नियंत्रित क्षेत्र म्हणजे काय?

भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार प्रमुख उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागलेले आहे. मराठवाडा मुंबई क्षेत्रात येतो. गजबजलेल्या विमानतळाभोवतीचा भाग 'नियंत्रित' असतो. तेथे प्रत्येक विमानाला हवाई वाहतूक नियंत्रकाच्या अनुमतीने व त्याने सांगितलेल्या उंचीवर उडावे लागते.

या क्षेत्राचा आकार समजण्यासाठी घरातील मडक्यांची उतरंड उलटी मांडली आहे अशी कल्पना करावी. विमानतळाजवळ हे क्षेत्र जमिनीपासून सुरू होते, पण तेथे त्याचा घेर लहान असतो. जसजसे वर जावे तसतसा घेर वाढतो, कारण मोठी विमाने दुरूनच उंची कमी करीत येतात. साहजिकच बाहेरच्या भागात नियंत्रित क्षेत्राखाली काही मोकळे आकाश उरते.

लहान विमानाचे मार्ग

दृष्टीच्या आधारे उडणाऱ्या लहान विमानाच्या चालकापुढे चार पर्याय असतात : क्षेत्राला वळसा घालणे, त्याच्या कडेखालून जाणे, त्याच्या वरून जाणे, किंवा रेडिओवरून अनुमती घेऊन त्यातून जाणे. कोणता पर्याय निवडावयाचा हे उड्डाणापूर्वीच ठरवावे लागते. आपल्या देशात त्यासाठी उड्डाण आराखडा द्यावा लागतो व सामान्यतः हवाई संरक्षण अनुमतीचा क्रमांकही घ्यावा लागतो.

वाट ओळखण्यासाठी जमिनीवरील खुणा आजही उपयोगी पडतात. परभणी परिसरात गोदावरीचे पात्र, येलदरी धरणाचा जलाशय आणि सेलू, परभणी, पूर्णा या स्थानकांवरून जाणारा लोहमार्ग या ठळक खुणा होत. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून उंचीचाही नियम आहे. पूर्वेकडे जाणाऱ्याने ५,५०० किंवा ७,५०० फूट अशी, तर पश्चिमेकडे जाणाऱ्याने ४,५०० किंवा ६,५०० फूट अशी उंची घ्यावयाची असते. परिणामी विरुद्ध दिशांच्या विमानांत १,००० फुटांचे अंतर राहते. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. परभणीची जमीनच समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून उंच आहे, हे वैमानिकाला विसरून चालत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. १०,००० फुटांखाली दृष्टीच्या आधारे उडताना ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, आणि ढगापासून आडवे १,५०० मीटर व उभे १,००० फूट अंतर राखावयास हवे. वर ढग आणि बाजूला नियंत्रित क्षेत्र अशा कोंडीत सापडलेल्या चालकाने अंदाजाने पुढे जाण्यापेक्षा नियंत्रकाला विचारणे, अथवा परत फिरणे, हेच शहाणपणाचे ठरते.

चुकीची किंमत

मुंबईत जुहू आणि सांताक्रूझ ही विमानक्षेत्रे एकमेकांपासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहेत. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाचे विमान घेऊन कराचीहून जुहूलाच उतरले होते. पुढे मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली. तरीही १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे विमान चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. दुसरे विमान तर धावपट्टी ओलांडून पुढे गेले. अनुभवी वैमानिकही शेजारच्या खुणांनी फसतो, हा त्यातील धडा होय.

याहून भीषण घटना ३१ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ घडली. एक लहान पायपर विमान अनवधानाने, अनुमतीविना नियंत्रित क्षेत्रात शिरले आणि उतरावयास निघालेल्या प्रवासी विमानावर आदळले. दोन्ही विमानांतील ६७ आणि जमिनीवरील १५ अशी ८२ माणसे मृत्युमुखी पडली. लहान विमानात आपली उंची नियंत्रकाला कळविणारे साधन नव्हते. त्यानंतर तेथे मोठ्या प्रवासी विमानांत टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली.

ड्रोनचालकांसाठी

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन व यंत्रमानव यांच्या शेतीतील उपयोगावर राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून काम झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. म्हणूनच २०२१ च्या ड्रोन नियमांतील सीमा गावपातळीवर माहीत असणे अगत्याचे आहे.

या नियमांत आकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे पट्टे केले आहेत. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची, तर तांबड्यात केंद्र शासनाची परवानगी आवश्यक असते. जिल्ह्याचा बहुतेक भाग विमानतळापासून दूर असला, तरी नांदेडकडे फवारणीस जाणाऱ्या गटाने उड्डाणापूर्वी शासनाचा नकाशा पाहिलाच पाहिजे.

ग्रामसभेत ड्रोनच्या अनुदानाची चर्चा होते, तेव्हा या पट्ट्यांचीही माहिती दिली जावी. शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला जिल्ह्याच्या नकाशावर हवाई रेषा ओढून दाखवावी. शेताचा बांध कोरणाऱ्याचे भांडण तंट्यावर मिटू शकते, पण आकाशातील शीव न विचारता ओलांडल्यास ते सावरण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही.